लाइक भरपूर, ऑर्डर नाही: लातूरजवळच्या एका अवजार कारखान्याचं प्रकरण

लातूरहून औशाकडे जाताना रस्त्यालगत शेती अवजारांचा एक कारखाना आहे. ट्रॅक्टरवर चालणारी पेरणी यंत्रं, नऊ फणी मोगडा, पल्टी नांगर आणि अलीकडे मागणी वाढलेलं बीबीएफ, म्हणजे रुंद सरी-वरंब्यावर पेरणारं यंत्र, हा त्यांचा माल. वडिलांनी एका वेल्डिंग मशीनवर सुरुवात केली. आता थोरला मुलगा शेड सांभाळतो. धाकटा कॉमर्स शिकून आला, विक्री आणि जाहिरात त्याच्याकडे. त्यांचे हिशेब बघणाऱ्या लेखापालाच्या ओळखीतून त्यांची ऑनलाइन जाहिरात तपासून सुधारायचं काम माझ्याकडे आलं. कारखान्याचं नाव इथे देत नाही, पण मराठवाड्यातल्या लहान उद्योजकांना त्यांची गोष्ट सविस्तर कळावी असं मला मनापासून वाटतं, कारण जालना, नांदेड, बीड, परभणी, कुठेही गेलं तरी दुकानदार आणि कारखानदार ऑनलाइन जाहिरातीबद्दलच्या त्याच चुकीच्या समजुतींवर पैसा घालताना दिसतात.

धाकट्याने अडचण एका दमात सांगितली, "फॉलोअर वाढलालेत, लाइक पडलालेत, पण गाडी काय भरना." गाडी म्हणजे तालुक्याच्या गावांकडे यंत्रं घेऊन निघणारा टेम्पो. वर्षभरापासून पुण्याची एक एजन्सी दरमहा ठरलेली रक्कम घेऊन त्यांचं सगळं डिजिटल काम बघत होती. महिन्याला बारा पोस्ट, दोन रील आणि महिनाअखेर एक रंगीत अहवाल.

वडिलांचं म्हणणं वेगळं होतं. "शेतकरी मोबाईल बघून पन्नास-साठ हजाराचं यंत्र घेत नसतो. पाहुण्याच्या रानात चालताना बघतो, मग घेतो. हे सगळं पोरांचं वेड आहे."

घरात असे दोन पक्ष. एकाला वाटायचं ऑनलाइन गेलं की विक्री आपोआप होते, दुसऱ्याला वाटायचं ऑनलाइनचा आणि आपल्या गिऱ्हाइकाचा काही संबंधच नाही. दोन्ही समजुती चुकीच्या निघाल्या. वडिलांची चूक मात्र जास्त कामाची ठरली, कारण त्यात निम्मं खरं होतं.

पेजवर नेमकं कोण होतं

फेसबुक पेज आणि इन्स्टाग्राम खात्याच्या डॅशबोर्डमध्ये आपले फॉलोअर कोणत्या शहरांतले आहेत याची यादी फुकट दिसते. ती यादी या घरात कुणीच उघडून बघितली नव्हती. वरच्या ओळींत इंदूर, जयपूर, पाटणा, लखनौ. लातूर बरंच खाली. निलंगा, रेणापूर, अहमदपूर दिसतच नव्हते.

कारण शोधायला वेळ लागला नाही. सगळ्यात जास्त बघितलं गेलेलं रील परदेशी शेतातल्या एका अजस्र कापणी यंत्राचं होतं. कुठूनतरी उतरवून घेतलेलं, वर गाजतं हिंदी गाणं. ते उत्तर भारतात फिरलं, तिथल्या हौशी पोरांनी पेज फॉलो केलं. यातला एकही माणूस औसा रोडवर येऊन पेरणी यंत्र घेणार नव्हता. नुकसान एवढ्यावर थांबत नाही. पुढची पोस्ट काही प्रमाणात याच मंडळींसमोर जाते. त्यांना मराठी कळत नाही, ते अंगठ्याने पुढे सरकवतात, आणि ही पोस्ट लोकांना नको आहे असा अर्थ फेसबुकची यंत्रणा लावते. चुकीची गर्दी पेजवर जमली की योग्य माणसापर्यंत पोचणं उलट अवघड होतं. म्हणून फॉलोअर विकत घेणारा दुकानदार दिसला की मला हळहळ वाटते. स्वतःच्या पैशाने तो स्वतःची वाट अडवत असतो.

एजन्सीच्या पोस्टही बघितल्या. शनिवारी "हॅपी वीकेंड". आषाढात बेंदराच्या शुभेच्छा, बैलाच्या चित्रासह. बेंदूर कोल्हापूर-सांगली-सातारा भागातला सण. आपल्याकडे बैलांचा सण म्हणजे पोळा, तोही श्रावणी अमावास्येला. आणि वेळअमावास्येला, ज्या दिवशी लातूर-धाराशिवचं अख्खं गाव रानात जेवायला जातं, त्या दिवशी पेज रिकामं. शेतकऱ्यासाठी यंत्र करणारा माणूस आपल्या भागातला आहे की नाही, हे गिऱ्हाईक अशाच गोष्टींवरून ओळखतं.

बूस्टचं बटण

"आम्ही दर आठवड्याला जाहिरात करतो," असं धाकटा म्हणाला तेव्हा त्याच्या मनात पोस्टखालचं बूस्टचं बटण होतं. बटण दाबायचं, पैसे भरायचे, लाइक वाढलेले बघायचे. बहुतेक लहान व्यावसायिकांची जाहिरातीची कल्पना इथेच थांबते.

फेसबुक-इन्स्टाग्रामची यंत्रणा तुम्ही जे मागाल ते देते. जाहिरात व्यवस्थापकात, म्हणजे ॲड्स मॅनेजरमध्ये, २०२२ पासून सहा उद्दिष्टं ठेवलेली आहेत: ओळख, ट्रॅफिक (वेबसाइटवर येणारी माणसं), एंगेजमेंट (प्रतिक्रिया आणि संभाषण), लीड (चौकशी करणाऱ्यांची माहिती), ॲप प्रमोशन आणि सेल्स. एंगेजमेंटमध्ये पोस्टवरच्या प्रतिक्रिया मागितल्या की यंत्रणा अशी माणसं शोधते ज्यांना लाइक करायची सवय आहे. व्हॉट्सॲपवर संभाषण मागितलं की मेसेज करणारी माणसं शोधते. पैसे तेवढेच, माणसं वेगळी. या कारखान्याने वर्षभर लाइक मागितले आणि वर्षभर लाइकच मिळाले. यंत्रणा चुकली नव्हती.

भूगोलही तसाच. जाहिरातीचा परिसर म्हणून अख्खा महाराष्ट्र निवडलेला. म्हणजे कोकणातल्या भात लावणाऱ्याला सोयाबीनचं पेरणी यंत्र दिसत होतं. यावर वडिलांनी जे विचारलं तो मला या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात शहाणा प्रश्न वाटतो. "रत्नागिरीला यंत्राचा दाता मोडला तर दुरुस्तीला कोण जाणार?" तिथून पुढे परिसर ठरवायला सोपं गेलं. जिथे कारखान्याचा माणूस सकाळी निघून संध्याकाळपर्यंत दुरुस्ती करून परत येऊ शकतो, तेवढाच जाहिरातीचा पट्टा. लातूर जिल्हा, धाराशिवचा कळंब-उमरगा भाग, बीडमधलं अंबाजोगाई-परळी, नांदेडमधलं कंधार-मुखेड. बाकी सगळं बंद.

"गुगलवर पहिला नंबर"

एजन्सीच्या करारात "गुगलवर पहिल्या क्रमांकाची हमी" असं छापलेलं होतं. अहवालात पहिला नंबर आलेलाही दाखवला होता. कोणत्या शब्दांसाठी? कारखान्याच्या स्वतःच्या नावासाठी. ज्याला नाव माहीत आहे तोच नाव टाकून शोधतो, आणि त्या नावाचा दुसरा कारखाना नसेल तर पहिला नंबर कुणी काही न करताही येतो. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, हे गुगलने स्वतःच्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलेलं आहे. गुगलला जाहिरातीचे पैसे दिल्याने साध्या शोधातलं स्थान वर सरकत नाही, हेही तिथेच आहे.

शेतकरी काय शोधतो ते वेगळंच असतं. "सोयाबीन पेरणी यंत्र किंमत", "बीबीएफ यंत्र अनुदान", "पेरणी यंत्र लातूर". बरेच जण टाइप करत नाहीत, माइकचं चिन्ह दाबून बोलतात, त्यामुळे शोध मराठीत आणि लांबलचक असतो. कारखान्याच्या वेबसाइटवर यातलं एक वाक्य मराठीत नव्हतं.

वेबसाइट म्हणताना इथे एक पायरी मागे जावं लागतं, कारण वेबसाइटच उरली नव्हती. काही वर्षांपूर्वी गुगलच्या व्यवसाय प्रोफाइलमधून फुकटात एक पान तयार करून घेतलं होतं. ती सोय गुगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली. जूनपर्यंत त्या पत्त्यावर येणारा माणूस प्रोफाइलकडे वळवला जात होता, नंतर तेही थांबलं. बंद होणार ही सूचना आधी आलेली होती, पण ज्या ईमेलवर आली तो ईमेल एजन्सीच्या एका माणसाचा, आणि तो नोकरी सोडून गेलेला. इकडे व्हिजिटिंग कार्डवर, पावतीपुस्तकावर आणि यंत्राच्या बियाणे पेटीवर रंगवलेला पत्ता तसाच. "वेबसाइट आहे ना आपली," असं घरातले सगळे सांगत होते.

"एकदा केली की झालं" ही समजूत अशी महागात पडते. तिच्याहून गंभीर गोष्ट म्हणजे मालकी. गुगल प्रोफाइलचा मुख्य मालक एजन्सी. फेसबुक पेजचा पूर्ण ताबा एजन्सीकडे, धाकट्याला नुसती पोस्ट टाकायची परवानगी. जाहिरात खातंही त्यांचंच, त्यामुळे वर्षभराच्या खर्चाची मूळ बिलं कारखान्याकडे नव्हती. शेडची चावी आपण कधी ठेकेदाराकडे ठेवत नाही. इथे मात्र कुणाला त्यात वावगं वाटलं नाही, कारण ही "टेक्निकल" गोष्ट होती. सगळे ताबे परत मिळवायला बरेच आठवडे गेले. कुणालाही काम द्या, पण खाती स्वतःच्या ईमेलवर उघडून त्यांना फक्त हाताळायची परवानगी द्या. हे मी आता प्रत्येक ओळखीच्या व्यावसायिकाला सांगतो.

नकाशावरच्या प्रोफाइलमध्ये जुन्या शेडचा पत्ता होता आणि फोन नंबर घरच्या लँडलाइनचा, जो कधीच बंद झालेला. हे दुरुस्त करायला अर्धा दिवसही लागला नाही. जवळपासच्या शोधात गुगल तीन गोष्टी बघतं: शोधाशी जुळणी, अंतर आणि व्यवसाय किती ओळखीचा आहे. पहिल्या दोन गोष्टी पत्ता आणि प्रकार नीट भरण्यावरच अवलंबून. बंद लँडलाइनवर किती जणांनी फोन लावला असेल, त्याचा हिशेब कधीच लागणार नाही.

सकाळचा मेसेज

आता मुख्य गोष्ट. वर्षभराच्या खर्चातून काही खरे मेसेज आले होते. फार नाही, पण होते. धाकट्याच्या मते ते "टाइमपास करणारे" होते. म्हणून त्याच्या शेजारी बसून व्हॉट्सॲपवरची जुनी संभाषणं एकेक उघडून वाचली. सगळ्या कामात याइतकं उपयोगाचं दुसरं काही ठरलं नाही.

मे महिन्यातलं एक संभाषण. रेणापूर तालुक्यातला शेतकरी, भल्या सकाळी, रानात निघायच्या आधी लिहितो: "नऊ दाती आहे का. ४५ एचपीला ओढल का. खत पेटी सोबत येती का. दर काय." चार प्रश्न, चारही मुद्द्याचे. ट्रॅक्टर कोणता आहे ते सांगतोय, म्हणजे घ्यायच्या विचारात आहे. त्याला लगेच उत्तर गेलं, आपोआप, इंग्रजीत: आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल धन्यवाद, आम्ही काय मदत करू शकतो ते कळवा. व्हॉट्सॲप बिझनेसचा तयार स्वागत संदेश, कुणी बदललाच नव्हता. शेतकऱ्याने थांबून पुन्हा लिहिलं, "दर सांगा." रात्री दहानंतर धाकट्याचं उत्तर, "हाय सर." दुसऱ्या दिवशी दुपारी, "हां बोला." त्यानंतर समोरून काही नाही.

थोरल्याने नंबर बघून विचार केला आणि म्हणाला, हा माणूस मला माहीत आहे. त्याने तालुक्याच्या दुकानातून दुसऱ्या कंपनीचं यंत्र घेतलं, त्याच आठवड्यात.

अशी संभाषणं आणखी होती. थोरला दिवसभर ग्राइंडरच्या आवाजात, हातात वेल्डिंगचा होल्डर, त्याला रिंग ऐकू येत नाही. धाकटा मालाच्या मागे फिरतीवर. म्हणजे फोनला जबाबदार कुणीच नाही. जाहिरात माणसाला दारापर्यंत आणत होती आणि दारात कुणी उभं नव्हतं. "जाहिरात चालत नाही" हा निष्कर्ष घरात पक्का झाला होता. खरा तोटा मेसेज आणि उत्तर यांच्या मधल्या त्या दीड दिवसात होत होता. चौकशी आली म्हणजे गिऱ्हाईक आलं, ही समजूत एजन्सीलाही सोयीची होती, कारण त्यांचा अहवाल चौकशीच्या आकड्यावर संपायचा.

उपाय जाहिरातीच्या बाहेरचा निघाला. कारखान्यात बिलं लिहिणारी एक मुलगी आहे, गावातलीच, बी.ए. झालेली. तिला थोरल्याने आठवडाभर शेडमध्ये फिरवलं. कोणत्या यंत्राला किती एचपीचा ट्रॅक्टर लागतो, दात्यांतलं अंतर कसं बदलतं, बी मोजून सोडणाऱ्या चकत्या तूर आणि सोयाबीनला वेगळ्या का, सगळं दाखवलं. आता व्यवसायाचा फोन तिच्या टेबलावर असतो. स्वागत संदेश मराठीत केला, आणि त्यात सरळ विचारलं: गाव कोणतं, ट्रॅक्टर किती एचपीचा, पीक कोणतं. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत फोन थोरल्या वहिनींकडे घरी असतो, कारण शेतकऱ्याचा मोबाईल बघायचा वेळ हाच. "ताई, जरा फोटो टाका," असं म्हणणाऱ्याला लगेच फोटो जातो. उत्तर बाईमाणसाकडून आलं तर शेतकरी नीट बोलेल का, अशी वडिलांना शंका होती. पहिल्याच हंगामात ती फिटली. लोकांना उत्तर हवं असतं, ते कोण देतंय याची त्यांना फारशी पर्वा नसते.

किंमत लिहायची की नाही

पोस्टखाली बहुतेक कॉमेंट एकाच शब्दाच्या असायच्या, "किंमत?" आणि उत्तर ठरलेलं, "इनबॉक्स करा." किंमत उघड केली तर शेजारचा कारखानदार पाचशे रुपये कमी करेल, ही भीती. शेजारच्या कारखानदाराला किंमत आधीच माहीत असते. तो गिऱ्हाईक पाठवून विचारतो. माहीत नसतं ते फक्त खऱ्या गिऱ्हाइकाला.

एकच आकडा देणं खरंच अवघड होतं, कारण दाते किती, खत पेटी आहे की नाही, लोखंड कोणत्या जाडीचं, यावर दर बदलतो. म्हणून "इतक्यापासून इतक्यापर्यंत" असं लिहून, कमी दरात काय येतं आणि जास्त दरात काय जादा मिळतं ते खाली मांडलं. त्याचा एक परिणाम झाला जो धाकट्याला सुरुवातीला आवडला नाही. चौकश्या कमी झाल्या. ज्यांचं बजेट नव्हतं ते विचारेनासे झाले. उरलेले मात्र पुढचा प्रश्न घेऊन यायचे, आणि तो बहुतेक वेळा अनुदानाचा असायचा.

अनुदानाबाबत थोडं थांबायला हवं. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेसाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करावा लागतो, निवड व्हावी लागते आणि पूर्वसंमती मिळाल्यावरच यंत्र खरेदी करायचं असतं. आधी घेऊन नंतर बिल जोडलं तर अनुदान जातं. विकणाऱ्याला मोह होतो की "घ्या, नंतर बघू" म्हणावं. या कारखान्याने उलट ठरवलं. ज्याला पूर्वसंमती आलेली नाही त्याला स्पष्ट सांगायचं, दादा, आत्ता घेऊ नका, पत्र आल्यावर या. त्या दिवशीची विक्री जाते. पण हा सल्ला देणाऱ्याचं नाव गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतं, आणि तसं ते फिरलंही. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त समाधान याच गोष्टीचं आहे.

बघणारे थोडे, फोन करणारे बरेच

व्हायरल व्हायला हवं, ही धाकट्याची सुरुवातीपासूनची इच्छा. त्याला एक वेगळा व्हिडिओ करायला लावला. गाणं नाही, ड्रोन नाही. थोरला शेडमध्ये उभा आहे आणि पेरणी यंत्र पेरणीआधी कसं तपासायचं ते दाखवतो. यंत्र जॅकवर उचलायचं, प्रत्येक नळीखाली पिशवी बांधायची, पेटीत बी भरून चाक ठरावीक फेरे हाताने फिरवायचं, मग प्रत्येक पिशवीतलं बी तोलायचं. एखाद्या पिशवीत कमी पडलं तर चकती किंवा नळी बघायची. एकरी तीस किलोची बॅग हिशेबात बसते का ते तिथेच कळतं. मग खोली. सोयाबीनचं बी पाच सेंटीमीटरच्या खाली गेलं की उगवण मार खाते, आणि दरवर्षी बियाणं बोगस निघालं म्हणून जी भांडणं होतात त्यातल्या काहींच्या मुळाशी दाता खोल गेलेला असतो. हे थोरला त्याच्या नेहमीच्या बोलीत सांगतो, हाताला ग्रीस तसंच.

परदेशी यंत्राच्या रीलपेक्षा हा व्हिडिओ कितीतरी कमी लोकांनी बघितला. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस तोंडावर असताना, फोन करणारे म्हणायचे, "ते पिशव्या बांधून दाखवलेलं यंत्र तुमचंच ना?" ज्यांच्याकडे दुसऱ्या कंपनीचं यंत्र होतं त्यांनीही आपलं यंत्र तपासायला तो व्हिडिओ वापरला. त्यांची खरेदी पुढे कधीतरी होईल.

इथे वडिलांचं अर्धसत्य उपयोगी पडलं. शेतकरी मोबाईल बघून यंत्र घेत नाही, हे खरंच आहे. तो मोबाईलवर बघतो, मग पाहुण्याच्या रानात बघतो, मग घेतो. म्हणून जाहिरातीतून विक्री मागायचं बंद केलं आणि डेमोला बोलवायला सुरुवात केली. ज्या गावात आधीचं गिऱ्हाईक समाधानी आहे त्याच्या रानात डेमो, आणि भोवतालच्या वीस-पंचवीस किलोमीटरच्या पट्ट्यात त्या आठवड्यापुरती जाहिरात: अमक्या शिवारात, सकाळी आठ वाजता, यंत्र चालताना बघायला या, यायचं असेल तर व्हॉट्सॲप करा. आलेल्या माणसाशी बोलण्यात वडिलांचा हात कुणी धरू शकत नाही. जाहिरातीचं काम माणूस बांधापर्यंत आणणं, पुढचं काम त्यांचं.

व्हॉट्सॲपवरचा एक गैरसमज मात्र सगळ्यांचा होता. "हजारो शेतकऱ्यांना मेसेज टाकतो आम्ही." ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी २५६ नंबर बसतात, आणि ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलेला आहे त्यालाच तो मेसेज पोचतो. कुठूनतरी विकत घेतलेल्या नंबरांच्या यादीला पाठवलेलं बहुतेक हवेत जातं. पोचलं तरी लोक ब्लॉक करतात, आणि तक्रारी वाढल्या की व्यवसायाचा नंबरच बंद पडू शकतो. आता डेमोला आलेल्या प्रत्येकाला बिलावाली ताई सांगते, आमचा नंबर सेव्ह करा, सुट्या भागांसाठी लागेल. यादी हळू वाढते, पण मेसेज खरंच पोचतात.

पैशाचा हिशेब

एजन्सीचं पॅकेज वर्षभर सारखं होतं. जुलैत पेरणी उरकल्यावर पेरणी यंत्राची जाहिरात आणि अक्षय तृतीयेला सुद्धा तेवढीच. आता खर्च दोन वेळांना एकवटला आहे: अक्षय तृतीयेपासून पाऊस पडेपर्यंत, आणि हरभरा-ज्वारीसाठी दसऱ्याच्या आसपास. पेरणीयोग्य ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाला की जाहिरात थांबवायची, कारण त्यानंतर शेतकरी यंत्र शोधत नाही, तिफण किंवा भाड्याचं यंत्र मिळेल त्यावर पेरतो.

लाइकचा दर आणि विक्रीचा दर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजायला आकडे धरू. एक व्हॉट्सॲप मेसेज १०० रुपयांना पडला आणि वीस मेसेजमागे एक यंत्र गेलं, तर एका यंत्रामागे जाहिरात २,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी ३६० रुपये. आता हेच यंत्र पाच मेसेजमागे एक जाऊ लागलं, कारण उत्तर दहा मिनिटांत जातंय, तर तोच खर्च ५०० आणि ९० रुपयांवर येतो. जाहिरातीत काडीचा बदल न करता. जाहिरात खात्यात कारखान्याचा जीएसटी क्रमांक भरला तर त्या कराचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढी रक्कम स्वतःच्या जीएसटीतून वजा करता येते, हे लेखापालानेच लक्षात आणून दिलं. वर्षभर खातं एजन्सीच्या नावावर असल्याने तो हक्क वापरताच आला नव्हता.

काउंटरवर एक वही ठेवली आहे. यंत्र घेणाऱ्याला विचारायचं, कुठून कळलं? सुरुवातीला सगळे म्हणायचे, "पाहुण्याने सांगितलं." ते वाचून वडील खूश. मग दुसरा प्रश्न जोडला: पाहुण्याने सांगायच्या आधी किंवा नंतर मोबाईलवर काही बघितलं होतं का? बऱ्याच ओळींत होकार येऊ लागला. पाहुण्याने नाव सांगितलं, माणसाने रात्री यूट्यूबवर ते नाव टाकून बघितलं, सकाळी नकाशा लावून आला. यातला एक टप्पा काढला तर विक्री होत नाही, म्हणून श्रेय कुणाला द्यायचं यावरचा बाप-लेकांचा वाद आता थंडावला आहे.

न सुटलेला प्रश्न

दर उघड केल्यावर तालुक्याचे डीलर नाराज झाले. उदगीर आणि अहमदपूरच्या दुकानदारांचं म्हणणं रास्त आहे: तुम्ही मोबाईलवर दर लिहिता, गिऱ्हाईक तो दाखवून आमच्याशी घासाघीस करतं, आमचं कमिशन कशातून निघणार? धाकट्याला वाटतं थेट विकावं. थोरल्याला माहीत आहे की हंगामात सुटे भाग आणि उधारी डीलरच सांभाळतो, आणि उधारीशिवाय मराठवाड्यात अवजारं विकली जात नाहीत.

सध्याची तडजोड अशी की ज्या तालुक्यात डीलर आहे तिथल्या चौकश्या नाव-गावासह त्याच्याकडे पाठवायच्या आणि विक्री त्याच्याच बिलावर. पण डीलरकडेही फोन उचलायची तीच अडचण निघाली. पाठवलेल्या माणसांना ताईने दोन दिवसांनी विचारलं तर काहींना दुकानातून फोनच गेला नव्हता. त्यामुळे आता चौकशी पाठवल्याची वेळ आणि डीलरने संपर्क केल्याची वेळ अशा दोन रकान्यांची नोंद ठेवणं सुरू केलं आहे. अहमदपूरच्या डीलरने त्याच्या मुलाला या कामावर बसवलं. उदगीरकडून अजून उत्तर नाही, आणि ते येईपर्यंत त्या तालुक्यातली जाहिरात बंद ठेवली आहे.